पाणी पिणारं फडकं

डिंडोलीच्या त्या सोसायटीत मंदाबाईचं घर शोधावं लागत नाही. ज्या दारासमोर पाण्याची काळी टाकी बसवलेला छोटा हत्ती उभा असेल, ते तिचं घर. छोटा हत्ती म्हणजे सुरतेत साड्यांच्या गठ्ठ्यांपासून नवरीच्या कपाटापर्यंत सगळं वाहून नेणारा लहानसा टेम्पो. मंदाबाईच्या टेम्पोत मात्र गठ्ठे नसतात. टाकी, टाकीला खेटून पेट्रोलवर चालणारा पंप, वेटोळं घातलेला जाड पाइप, लांब दांड्याचे ब्रश, एक शिडी, आणि मागच्या दांडीवर वाळत घातलेली फडकी. टेम्पोच्या दारावर गुजरातीत रंगवून घेतलंय की तुमची गाडी उभी असेल तिथे येऊन धुऊन देऊ. मराठीत का नाही लिहिलं, असं शेजारच्या एका काकांनी विचारलं होतं. मंदाबाई म्हणाली, "काका, आपले लोक गाड्या चालवतात. ज्यांच्या गाड्या आहेत ते गुजराती वाचतात."

ती अशीच बोलते. तोडून नाही, पण गाठ मारून.

शिरपूरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन ती सुरतेत आली तेव्हा नवरा, निंबा, कापडाच्या लूमवर कामाला होता आणि संसार एका खोलीत मावत होता. साड्यांवर टिकल्या चिकटवता चिकटवता तिने मुलगी वाढवली, सासू सांभाळली, घराला वर एक खोली चढवली. पुढे निंबाने आणि त्याच्या थोरल्या भावाने, सुकदेवने, मिळून हा टेम्पो घेतला. सुकदेव चलथाणला राहायचा आणि लूमवरच होता, म्हणून टेम्पो निंबाने चालवायचा असं ठरलं. लूमवरचे कोरे टाके, म्हणजे कापडाची ठाणं, रंगवायच्या मिलमध्ये, मिलमधला रंगवलेला माल बाजारात. चार-सहा वर्षं बरी गेली. मग एका उन्हाळ्यात बाजाराच्या जिन्यात पार्सल उचलताना निंबाच्या कमरेत काहीतरी सटकलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि सांगितलं की यापुढे पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही.

टेम्पो दारात उभा राहिला. उभ्या गाडीवर धूळ बसली की लोक विचारायला लागतात, काय, विकायची आहे का? म्हणून मंदाबाईने सकाळी ओटा धुताना टेम्पोही धुवायला सुरुवात केली. ओट्याची बादली उरली की टेम्पोवर, टेम्पोची उरली की तुळशीला. त्याच गल्लीत राहणारा लोटू इच्छापोरला कंपनीची बस चालवायचा. तो एकदा थांबून म्हणाला, "वहिनी, तुमची उभी गाडी आमच्या चालत्या गाडीपेक्षा चकचकीत. आमच्या गाड्या धुवायला कोणाला वेळ नाही. सर्व्हिस स्टेशनला नेली तर अर्धा दिवस रांगेत."

लोटू बोलून गेला आणि विसरला. मंदाबाई विसरली नाही. ज्या गाड्या पोटासाठी पळतात त्यांना धुवायला नेण्याइतकी सवड नसते. मग पाणीच गाडीकडे गेलं तर?

कानातले गेले, टाकी आणि पंप आला. निंबाने तिला डिंडोलीच्या मागच्या पडीक मैदानात गाडी शिकवली. स्वतः शेजारी पट्टा बांधून बसायचा आणि प्रत्येक खड्ड्याला कण्हायचा. "अगं हर्षदाची आई, क्लच! माझ्या कमरेवर नको, क्लचवर पाय ठेव!" लायसन्स आलं त्या दिवशी त्याने सोसायटीत सगळ्यांना जिलबी वाटली, आणि मग दोन दिवस घरात घुम्म बसून राहिला. पुरुषाला एकाच गोष्टीचा आनंद आणि दुःख एकदम होतं तेव्हा तो काही बोलत नाही.

सासूबाई मात्र बोलल्या. सरलाबाई सत्तरीच्या, अंगाने काडी आणि आवाजाने लाकूड. सुरतेत इतकी वर्षं काढूनही बोलणं अहिराणी आणि नेसणं सुती लुगडं. "बाईमानूस गाडीवर चढस, खाले लोके देखतस. हाई काय शे?"

"बघतात तर बघू द्या, आत्याबाई. मी वर गाडी धुते, नाचत नाही."

सुरुवात पाण्याचे जार वाहणाऱ्या टेम्पोंपासून झाली. मग शाळेच्या व्हॅन, मग हंगामात चलथाणच्या कारखान्याला ऊस घालणारे ट्रक. उसाचा रस आणि रस्त्याची धूळ मिळून ट्रकवर जो थर चढतो तो गुळाच्या कढईसारखा खरवडावा लागतो. मंदाबाईने टिकल्यांच्या कामातली तिची जोडीदारीण पार्वती बरोबर घेतली. पार्वती परभणीकडची, हाताने दणकट, तोंडाने त्याहून. निंबाचा जुना शर्ट, सलवार, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला रुमाल अशा अवतारात दोघी निघाल्या की गल्लीतली पोरं शिट्ट्या मारायची. पार्वती वळून म्हणायची, "तुमच्या मायला सांगू का रे, तोंड धुवायला पण आम्हीच लागतो म्हणून?"

कामं मिळत होती, पण तुकड्या-तुकड्याने. आज तीन गाड्या, मग आठवडाभर काही नाही. आणि याच सुमारास सुकदेवचा लूम कारखाना बंद पडला. मालकाने यंत्रं भंगारात काढली. सुकदेवला टेम्पो हवा होता. त्याचं मागणं खोटं नव्हतं. टेम्पोत त्याचाही वाटा होता आणि त्याच्याही घरी चूल पेटायची होती.

श्रावणात कानबाई या खांदेशी देवीच्या सणाला सगळे भाऊबंद डिंडोलीत जमले. कानबाईची थापना झाली, रोट झाले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर हा विषय निघाला. मंदाबाई दाराच्या आत, डोक्यावर पदर घेऊन उभी होती. जेठासमोर, थोरल्या दिरासमोर, ती कधी समोरासमोर बोलली नव्हती. त्यांच्याकडे तशी रीतच नाही. जे सांगायचं ते सासूला सांगायचं, सासू पुढे सांगते.

"धुवायच्या कामाला ती गाडी बाहेर काढते," सुकदेव म्हणाला, "पण महिन्यातले निम्मे दिवस ती दारातच असते. मी रोज चालवीन."

"आत्याबाई, सांगा त्यांना," मंदाबाई आतून म्हणाली, "बांधलेलं काम मिळालं की रोज चालेल."

"कवय मियी ते काम?" सरलाबाईंनी मान न वळवता विचारलं. केव्हा मिळेल?

मंदाबाई पदर सारखा करत राहिली. तेव्हा सरलाबाईंनीच निकाल दिला. दसऱ्यापर्यंत सुनेला वर्षभराचं बांधलेलं काम मिळालं तर गाडीची पूजा निंबाच्या दारात होईल. नाहीतर सुकदेवने दसऱ्याला हार घेऊन यायचं आणि गाडी चलथाणला न्यायची. म्हातारीचा शब्द त्या घरात शेवटचा होता.

भाद्रपद असाच गेला. घट बसायच्या तोंडावर लोटूने बातमी आणली. त्याच्या बसमालकाला सगळ्या बसगाड्या धुवायला माणूस हवा होता. कंपनीच्या साहेबांनी तक्रार केली होती की कामगार चढताना हात काळे होतात. दसऱ्याच्या पूजेआधी सगळ्या गाड्या लखलखीत करून देईल, त्याला वर्षाचं काम. "ठाकोरभाई म्हणून सुपरवायझर आहे," लोटू म्हणाला. "तोंडाने कडक आहे. पण एकदा म्हणाला की म्हणाला."

इच्छापोरचं ते यार्ड हजिरा रोडला आतल्या अंगाला होतं. पहिल्या पाळीचे कामगार सोडून बसगाड्या सकाळी तिथे येऊन उभ्या राहायच्या आणि दुपारी पुन्हा निघायच्या. तेवढ्या वेळात उभ्या जागी धुवायचं. ठाकोरभाईंनी परीक्षेसाठी दोन गाड्या दाखवल्या. खिडक्यांखाली गुटख्याच्या पिचकाऱ्यांचे लाल-तपकिरी ओघळ, मागच्या बाजूला डिझेलची काजळी, टपावर कबुतरांनी केलेली घाण.

मंदाबाई आणि पार्वती पदर खोचून, म्हणजे ओढण्या खोचून, भिडल्या. यार्डात बोअर होतं, त्यामुळे पाण्याची चिंता नव्हती. फेस चढवला, घासलं, पंपाच्या धारेने चिखल उडवला. ओघळ निघाले, काजळी निघाली. टपावरून पाणी सोडलं तेव्हा गाडीचा मूळ निळा रंग बाहेर आला. शेवटी फडकी घेऊन काचा पुसल्या. ऊन चढलं होतं. दोघी सावलीत बसून पाणी प्यायल्या. मंदाबाईला वाटलं, झालं.

ठाकोरभाई आले. उंच, पोट पुढे, कानावर पेन. गाडीभोवती एक फेरी मारली, मान हलवत. मग समोरच्या काचेपाशी थांबले.

"बेन, गाडी तो हारी धोई," ते म्हणाले, "पण काच पर आ रांगोळी कोने पूरी?" गाडी चांगली धुतली, पण काचेवर ही रांगोळी कोणी काढली?

मंदाबाई उठून जवळ गेली. काचेवर पांढरे ठिपके, पांढरी वेटोळी, पुसल्याचे लांबलचक फरकाटे. उन्हात वाळल्यावर सगळं उमटलं होतं. निळ्या पत्र्यावरही तेच, जणू गाडीला खरूज झाली होती. ठाकोरभाईंनी बोट फिरवलं, जिभेला लावलं. "खारुं. दरियो पासे छे ने." मग हिंदीत म्हणाले, ड्रायव्हरला उन्हात समोरचं दिसणार कसं? साहेबांनी हे पाहिलं तर त्यांनाच घरी पाठवतील. उधन्याचा एक माणूस मोठं मशीन घेऊन यायला तयार होता, त्याला बोलावतो.

पार्वती पाइप गुंडाळायला लागली.

मंदाबाई म्हणाली, "त्याला बोलवा. पण त्याच्या आधी मला एक गाडी अजून द्या. सगळ्यात खराब असेल ती."

"खराब केम?"

"चांगली गाडी कोणीही चमकवेल, ठाकोरभाई."

ठाकोरभाई हसले नाहीत, पण पेन कानावरून काढून पुन्हा कानावर ठेवलं. "परमदिवसे आवजो," परवाचा दिवस देत ते म्हणाले. "लोटूनी गाडी."

"माझी?" लोटू लांबून ओरडला. "माझी गाडी सगळ्यात खराब?"

परतीच्या वाटेवर टेम्पो चालवताना मंदाबाईच्या डोळ्यांसमोर ते फरकाटे होते. डिंडोलीत महापालिकेचं गोडं पाणी. ते वाळलं तरी डाग ठेवत नाही, म्हणून आजवर काही कळलं नव्हतं. इच्छापोरला खाडीकडचं खारं बोअर. गोडं पाणी टाकीतून न्यावं तर एका बसला पुरेल, सगळ्या ताफ्याला कसं पुरणार? म्हणजे धुवायचं खाऱ्यानेच, आणि वाळायच्या आत पुसून कोरडं करायचं.

पुसलं तर होतंच की. मग डाग कसे?

घरी आल्यावर तिने बादलीत मीठ कालवलं, खिडकीच्या काचेवर ओंजळीने मारलं, आणि पोत्यातलं एकेक फडकं काढून पुसून पाहिलं. सुरतेतल्या प्रत्येक खांदेशी घरात असं एक पोतं असतं. साड्यांच्या कडा, कापलेले तुकडे, नापास झालेला माल. फुकट मिळतो, कधी संपत नाही. त्यानेच ओटा पुसायचा, त्यानेच सायकल, त्यानेच पोराचं नाक. गुलाबी, शेवाळी, जरीच्या काठाचं. मंदाबाईने गुलाबी फडकं काचेवर दाबून ओढलं. पाणी फडक्यात शिरलं नाही. नुसतं काचेवरून या कडेचं त्या कडेला पळालं आणि मागे फरकाटा ठेवून गेलं. दुसरं घेतलं, तेच. तिसरं, तेच. सगळं पॉलिस्टर.

बाजेवर बसून सरलाबाई वाती वळत होत्या. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग उठल्या, पुढे आल्या, सुनेच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"हाई फडकं पानी पेस का? नही पेस. डोया फुटी गयात का तुना?" आणि त्यांनी आपल्या लुगड्याचा पदर काचेवरून एकदा फिरवला. एकदाच. काच कोरडी झाली. बाहेरचा विजेचा खांब स्वच्छ दिसायला लागला.

मंदाबाई काचेकडे नाही, पदराकडे पाहत होती.

"आत्याबाई, हे लुगडं..."

"मना आंगवरलं लेस का आते?"

तिने पार्वतीला फोन केला, दोघी गल्लोगल्ली हिंडल्या. ज्या शहरातून अर्ध्या देशाला कापड जातं, तिथे त्यांना कोणाच्या घरी एक सुती चिंधी मिळेना. चादरी पॉलिस्टरच्या, पडदे पॉलिस्टरचे, गाऊन पॉलिस्टरचे. हार्डवेअरच्या दुकानातून बनियनच्या कापडाचं गाठोडं आणलं तर त्याची लव काचेला चिकटली. गाडीच्या सामानाच्या दुकानात एक मऊ निळं फडकं होतं, हातरुमालाएवढं. त्याने बस पुसायला बसलं असतं तर दिवाळी उजाडली असती. नवं सुती कापड घेतलं तर त्यातली खळ पाणी आत येऊ देत नव्हती. वर्षानुवर्षं धुऊन, पिळून, वाळवून मऊ पडलेलं सुती कापडच लागणार होतं, आणि असं कापड घरात एकाच ठिकाणी होतं. सरलाबाईंच्या पत्र्याच्या पेटीत.

त्या पेटीत त्यांची नेसून विरलेली लुगडी होती. हर्षदाच्या लग्नात द्यायच्या गोधडीसाठी त्यांनी ती साठवली होती. मध्यंतरी हर्षदा कॉलेजातून आली आणि म्हणाली होती, "आजी, हवे गोधडी कोण ओढे? ब्लँकेट मिळतं ना सरस." म्हणजे आता गोधडी कोण पांघरतं, छान ब्लँकेट मिळतं. त्या दिवशी पेटीला जे कुलूप लागलं ते उघडलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर मंदाबाईने विचारलं. आडपडदा न ठेवता.

"नही," सरलाबाई म्हणाल्या. "गोधडीनं कापड शे ते. बसगाड्या पुसाले नही."

मंदाबाईने खरकटं उचललं. ताटं मोरीत ठेवली. मग मोरीतूनच, पाठ न वळवता म्हणाली, "बरं. टेम्पो चलथाणला गेला की मी परत टिकल्या लावायला बसेन. मग गोधडी शिवायला मला वेळच वेळ."

निंबा खाटेवर पट्टा सैल करत होता. त्याचा हात तिथेच थांबला. सरलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, दाराबाहेर उभ्या टेम्पोकडे पाहिलं, आणि अंथरुणावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या.

ठरल्या दिवशी सकाळी मंदाबाई टाकीचं झाकण लावून पुढे आली तर टेम्पोत सरलाबाई बसलेल्या. मांडीवर गाठोडं, पायात चपला, तोंड समोरच्या काचेकडे.

"आत्याबाई?"

"मी यी राहिनी संगे. मनं कापड तू कसं वापरस, ते देखसू."

"आणि मी?" पार्वती म्हणाली. "मी कुठं बसू?"

"टाकीमा," सरलाबाई म्हणाल्या.

पार्वती मागे टाकीला टेकून बसली आणि इच्छापोरपर्यंत हसत गेली.

लोटूची गाडी खरंच सगळ्यात खराब होती. लोटू दाराशी उभा राहून गालातल्या गालात गुटखा फिरवत होता. "आजी, तुम्ही पण लागल्या का कामाला?"

"तू पहिले गाडीमाईन थुकनं बंद कर," सरलाबाई म्हणाल्या. लोटूने गुटख्याची पुडी खिशात इतकी खोल दडवली की नंतर त्याला ती सापडेना.

यार्डाच्या कडेला एक जुना टायर पडला होता. त्यावर बसून सरलाबाईंनी गाठोडं सोडलं आणि पहिलं लुगडं हातात घेतलं. हिरवं, आता राखेच्या रंगाचं. क्षणभर त्याच्यावरून हात फिरवला, मग दातात धरून कड तोडली आणि चर्रकन फाडलं. एक फाडल्यावर बाकीची फाडायला वेळ लागला नाही.

या वेळी मंदाबाईने कामाची रीतच बदलली. आख्खी गाडी धुऊन मग पुसायची नाही. एक बाजू धुवायची, वाळायच्या आत तीच बाजू पुसायची, मग पुढची. पार्वती पाइप धरून, मंदाबाई शिडीवर, आणि खाली टायरवर सरलाबाई. पहिलं फडकं पाणी उचलायला, दुसरं कोरडं करायला. भिजलेलं फडकं खाली टाकलं की म्हातारी ते पिळून उन्हात दांडीवर टाकायची आणि वाळलेलं वर फेकायची. फेकताना सूचना चालूच. "कोपरा ऱ्हायना... तठे नही, वर... हाई काय भाकर थापी राहिनी का? जोर लाव!"

"काय व माय, ही सासू आहे का मुकादम?" पार्वती पाइप बंद करून म्हणाली.

"दोन्ही," मंदाबाई शिडीवरून म्हणाली. तिचा खांदा भरून आला होता, पण काच पुसताना हाताला जे जाणवत होतं ते तिला थांबू देत नव्हतं. पाणी पळत नव्हतं. फडकं ते पीत होतं.

दुपारच्या पाळीच्या आधी ठाकोरभाई आले. गाडीभोवती फिरले. काचेवर बोट घासलं, बोटाकडे पाहिलं. मग आत चढले आणि लोटूला बाजूला सारून ड्रायव्हरच्या जागेवर बसले. ऊन समोरून काचेवर येत होतं. ते तिथे बसूनच राहिले. मंदाबाई खाली हात पुसत उभी होती. हात केव्हाच कोरडे झाले होते.

खाली उतरल्यावर ठाकोरभाई सरलाबाईंपाशी गेले. "बा, आ कपडुं क्यांथी लाव्या?"

"पेटीमाईन," सरलाबाई म्हणाल्या.

ठाकोरभाईंना काय कळलं कोणास ठाऊक. त्यांनी मान डोलावली, आणि मंदाबाईकडे वळून म्हणाले, "दशेरा पहेलां बधी गाडी. पछी दर अठवाडिये. उधनावाळाने हुं ना पाडी दऊं छुं." दसऱ्याआधी सगळ्या गाड्या, मग दर आठवड्याला, आणि उधन्याच्या माणसाला नकार.

लोटूने टाळी वाजवली. पार्वतीने पाइप हवेत सोडला आणि लोटूला भिजवलं. मंदाबाई फक्त "बरं" म्हणाली आणि शिडी उचलून टेम्पोत ठेवली. ठेवताना मात्र ती शिडी दोनदा हातातून निसटली.

आता प्रश्न होता तो कापडाचा. एका पेटीत सगळ्या ताफ्याचं कापड कुठून असणार? मंदाबाईने माहेरी बहिणीला फोन लावला. "आईची जुनी लुगडी भांडेवालीला देऊ नकोस. नाही, एकही नको." फोन ठेवल्यावर तिचं तिलाच सुचलं. भांडेवाल्या जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देत दारोदार फिरतात. त्यांच्याकडे काय नसतं!

दुसऱ्या दिवशी गल्लीत भांडेवालीची हाक आली तशी मंदाबाई हातात नवीकोरी स्टीलची कळशी घेऊन बाहेर गेली. लग्नातली, कधी न वापरलेली. "ही घे. तुझ्या गाठोड्यातलं सुती जुनेर दे."

भांडेवाली आधी कळशीकडे, मग तिच्याकडे पाहत राहिली. "ताई, तुम्ही उलटं बोलून राहिल्या."

"उलटंच बोलते. सोड गाठोडं."

घासाघीस मात्र सरलाबाईंनी केली. एकेक धोतर उन्हात धरून, ओलं बोट लावून, पितंय की नाही ते बघून. भांडेवाली शेवटी म्हणाली, या म्हातारीला माझ्याबरोबर फिरायला पाठवा.

दसऱ्याच्या सकाळी यार्डात बसगाड्यांची पूजा होती आणि पूजेआधी शेवटचा हात फिरवायचा होता, म्हणून मंदाबाईला लवकर निघायचं होतं. तिने टेम्पो धुतला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. निंबा पूजेचं ताट घेऊन ओट्यावर उभा होता. तेवढ्यात रिक्षा थांबली आणि सुकदेव उतरला. हातात झेंडूचा हार. बांधलेल्या कामाची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती की नव्हती, चेहऱ्यावरून कळत नव्हतं. त्याने टेम्पोकडे पाहिलं. दांडीवर वाळणारी ती सगळी फडकी पाहिली. आईचं हिरवं लुगडं त्याने ओळखलं असावं. लहानपणी त्याच पदराने त्याचं तोंड पुसलं गेलं होतं.

"माय," तो म्हणाला, "वर्षभर चाललं नाही तर?"

सरलाबाई ओट्यावर बसून एक धोतर फाडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. फाडत राहिल्या. सुनेने आतून काही सांगावं, मग आपण पुढे सांगावं, अशी नेहमीची वाट त्या पाहत होत्या की काय.

पण मंदाबाई आत नव्हती. ती टेम्पोपाशी, निंबाचा शर्ट आणि रबरी बूट घालून, डोक्याला पदराऐवजी रुमाल बांधून उभी होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिने जेठाकडे सरळ पाहिलं.

"नाही चाललं तर पुढच्या दसऱ्याला हार घेऊन या, दादा. मी स्वतः चावी हातात देईन. पण आजचा हार आणलाच आहे, तर इथेच घाला."

गल्लीत कोणाच्या तरी रेडिओवर आरती चालू होती. निंबाने ताट या हातातून त्या हातात घेतलं. सुकदेवने घसा खाकरला, आईकडे पाहिलं. सरलाबाईंचं धोतर फाडणं थांबलं होतं. मग त्या म्हणाल्या, "बठ्ठ्या गाड्या तिले एकटीले व्हतीन नही. इच्छापोरले पाइप धराले मानूस लागस."

"मी पाइप धरू? धाकट्याच्या बायकोच्या हाताखाली?"

"कोणाच्या हाताखाली नाही," मंदाबाई म्हणाली. "गाडीच्या खाली. तिथे पार्वती शिरत नाही, माझा खांदा पोचत नाही."

सुकदेव हसला नाही. त्या दिवशी तो इच्छापोरला गेला नाही, आणि पुढे गेला की नाही ती वेगळी गोष्ट. पण तो पुढे झाला, हार दोन्ही हातांनी पसरला आणि टेम्पोच्या कपाळावर घातला. नारळ फोडायला निंबाला वाकता येत नव्हतं. सुकदेवने त्याच्या हातातून नारळ घेतला, दगडावर एका ठोक्यात फोडला आणि पाणी चाकावर शिंपडलं.

"उशीर होतोय," मंदाबाई म्हणाली आणि गाडीत चढली.

एवढ्यात आलेल्या पार्वतीने सवयीने मागेच चढून टाकीला पाठ लावली. सरलाबाईंनी फाडलेल्या धोतराचा शेवटचा तुकडा खिडकीतून आत फेकला. "काच पुस पहिले. धुकं शे."

मंदाबाईने आतून काच पुसली, एका फटक्यात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग क्लच दाबला, गाडी हलवली. चाकांखाली लिंबं फुटल्याचा आवाज झाला, आणि हार घातलेला तो छोटा हत्ती गल्लीतून वळून हजिरा रोडच्या दिशेने निघाला.